दम

गाडी पंच्याऐंशी सालची. व्होल्वो दोनशेचाळीस.
रंग मोहरीच्या बरणीत तळाला उरतो तसा.
चढ आला की आधी विचार करायची,
मग तिसरा गियर, मग दुसरा,
आणि मागचा ओंडक्यांचा ट्रक
आरशात मोठा मोठा होत जायचा.
"घाई आहे कुणाला?" इंग्वे म्हणायचा. माझा बाप.
एकतीस वर्षं लाकडाच्या गिरणीत,
छातीत निम्मा भुसा.

तौनोनं भंगारात नऊशेचाळीस दाखवली.
रात्री मूस आडवं आलं होतं,
पुढची काच नव्हती,
सीटला अजून केस चिकटलेले, जाड, करडे.
पण इंजिन शाबूत. टर्बोवालं.
चार हजार क्रोनर आणि वर
क्लाउडबेरीच्या मुरंब्याच्या दोन बरण्या.

"आहे त्याच इंजिनाला टर्बो लावला तर?"
"लाव की, गुन्वोर. एक उन्हाळा निघेल.
मग पिस्टन फुटेल."
जुनं इंजिन मिळेल तेवढी हवा गच्च दाबतं,
काटकसरी माणसासारखं,
वरून कुणी जास्तीची कोंबली तर सोसत नाही.
टर्बोवालं मुळातच सैल दाबतं.
आत जागा ठेवतं.
हे ऐकताना मला बाप आठवला नाही.
नंतर आठवला.

नोव्हेंबर ते मार्च, गोठ्यात.
गाई केव्हाच गेल्या, तुळईचे आकडे आहेत,
त्यांनाच साखळी टाकून इंजिन उचललं.
बाहेर उणे सव्वीस. आत हीटर,
आणि खडूच्या रेघेपलीकडे इंग्वे,
नाकात ऑक्सिजनची नळी.
रेघ नर्सनं मारून दिली होती:
ज्योत इकडे, म्हातारा तिकडे.
मांडीवर पाने मांडलेले.
"तेरा," मी म्हणायचे.
तो बारा फेकायचा.
बाराच लागायचा.

ब्लॉक एकाच घराण्यातला, बूड बिनतक्रार बसलं.
इंटरकूलरला मात्र जागा नव्हती,
रेडिएटरपुढचा पत्रा कापणं आलं.
"तो तुझ्या आईनं ठोकून सरळ केलाय. अठ्ठ्याऐंशीत."
ग्राइंडर बंद केला मी.
"काप की. नुसतं सांगितलं."

टर्बोतून परतणाऱ्या तेलाला कुणी ढकलत नाही,
ते आपल्या वजनानं उतरतं, नळी उताराची हवी.
तीन वेळा चुकले.
चौथ्यांदा त्यानं बसल्या जागेवरून
काठीनं कोन दाखवला.

आणि ते चाक! ते त्यानं दोनदा विचारून घेतलं.
इंजिनानं बाहेर टाकलेला धूर एक चाक फिरवतो,
त्याच दांड्यावरचं दुसरं
ताजी हवा आत रेटतं.
"म्हणजे टाकून दिलेल्या श्वासावर?"
"हो."
बराच वेळ त्याच्या यंत्राची टकटक.
"स्वस्त आहे," म्हणाला.

तपासणीचा कागद पुढच्या आठवड्यात येणार होता.
आम्ही तसेच निघालो.
हम्मरडालचा चढ, कडेला काळं बर्फ, मागे ट्रक.
दोन हजार फेऱ्यांपर्यंत काही नाही,
तीच जुनी कुरकुर.
"दुसरा टाक," इंग्वे, सवयीनं.
"नको."
मग दाराच्या फटीतून वादळ शिरावं
तशी शिट्टी,
आणि रस्ता कुणीतरी
सतरंजीसारखा आमच्याखालून ओढला.
ट्रक आरशात काडेपेटीएवढा.
बापानं डॅशबोर्डवर तळवा ठेवला,
गाईच्या पाठीवर ठेवायचा तसा,
आणि शिवी दिली, एक, जुनी, गिरणीतली,
मी लहानपणी जिच्यासाठी मार खाल्ला होता.

गोठ्यापाशी मी किल्लीला हात घातला.
"दम खा," तो म्हणाला.
तौनोनं एकदाच सांगितलेलं, यानं धरून ठेवलेलं:
तापलेलं चाक असं झटकन थांबवायचं नसतं,
तेल फिरू द्यायचं, एक मिनिट.
बसून राहिलो.
बॉनेटखाली पुटपुट,
त्याच्या मांडीवर बाटलीची सुसू.
किती झालं, मी विचारलं नाही.

तेवढ्यात मागे टाकलेला ट्रक आला,
भोंगा वाजवला,
आणि निघून गेला.