थांबायचं किती

पहिल्या पॅचवर त्याचा एवढाच शेरा आला :
'चारशे का?'

महापेत, दुसऱ्या मजल्यावर, एसीचं पाणी जिथं
बादलीत ठिबकतं, तिथं बसून मी लिहिला होता
वजनकाट्याच्या चिपचा ड्रायव्हर.
सहाशे बारा ओळी. त्यातली एक :
चारशे मिलिसेकंद थांब, मग आकडा वाच.

का म्हणजे काय, चालतं म्हणून.
तीनशेला आकडा नाचतो, चारशेला नाचत नाही.
हे कबूल केलं नाही. लिहिलं, 'अचूकता वाढते',
आणि पाठवली दुसरी आवृत्ती : मोकळ्या जागा आवरून,
एकाचे तीन पॅच करून,
मध्येच बिघडलं तर घेतलेलं सगळं
उलट्या क्रमानं सोडत, शेवटचं आधी.
इल्मारीनं बाकीचं मान्य केलं. खाली पुन्हा :
'चारशे का?'

मग शनिवारी पहाटे तुर्भ्याला गेले, कांदा-बटाटा बाजारात.
आमचा नमुना काटा तिथं गाळ्याच्या तोंडाशी लावलेला.
तोलार सर्जेराव कणसे. कानावर बॉलपेन.
गोणी पडली की ते आकड्याकडे बघतच नाहीत,
गोणीकडे बघतात.
तिचं हलणं निवलं की मान वळवतात
आणि आकडा पुकारतात, ज्याचा माल त्याला ऐकू जाईल असा.
'घाई केली तर कुणाचं तरी पाव किलो जातं, ताई.
कुणाचं जावं, ते आपण ठरवायचं नसतं.'

सापडलं, वाटलं.
तिसऱ्या आवृत्तीत लिहिलं गोणीचं डोलणं,
चांगलं नऊ ओळी, जीव लावून.

उत्तर दोन दिवसांनी :
'वाचून आनंद झाला. पण हीच चिप उद्या कुणी
औषधाच्या गोळ्या तोलायला लावेल.
गोणी कर्नलमध्ये आणू नका.
चिपला स्वतःला किती लागतं?'

राग आला. खरं तर रडूच.
घणसोलीची शेवटची कंपनीची बस जाऊ दिली,
ऑसिलोस्कोप लावला रिकाम्या काट्याला,
ज्यावर काहीच डोलत नव्हतं.
सत्त्याऐंशी.
परत. सत्त्याऐंशी.
नव्वद धरले तर पुरे.
उरलेले तीनशे दहा गोणीचे, आणि कणसेंचे.
ते उचलून वर नेले, ॲपमध्ये, माणसांच्या शेजारी.

चौथ्या आवृत्तीत 'का' आहे. दीड ओळ.
शेवटी लिहायचं असतं, तपासलं कुणी.
मी लिहिलं : सर्जेराव कणसे, तोलार.
इल्मारी विचारतो, यांचा ईमेल?
ईमेल नाही, कळवलं. गाळा नंबर आहे.
पहाटे चार ते दहा भेटतात.

त्यावर अजून काही आलेलं नाही.
बादली भरत आली. ओतून येते.