जास्तीची घडी

रजिस्टरात सह्या एकशे ब्याऐंशी.
पेटीतून निघाल्या चिठ्ठ्या एकशे त्र्याऐंशी.
तीनदा मोजल्या.
तिसऱ्यांदा लॉरेन्स डाबरेने, बोट थुंकीने ओलं करून,
तेव्हा मोहिते म्हणाला, थुंकी लावून मतं वाढतात का, बघ बघ.

कंदील ब्याण्णव. किल्ली एक्याण्णव.
घाटकोपरचं इस्पितळ, तळघरातली लाँड्री,
युनियनच्या शाखेचा सेक्रेटरी कोण,
एवढाच प्रश्न होता.

मी लिननकीपर. मार्चमध्ये रिटायर.
म्हणून निवडणूक अधिकारी मीच.
ताईंना आता कुणाकडून काय घ्यायचंय, असं दोघेही म्हणाले.
शनिवारी पार्कसाईटला मोहितेचं मटण झालं,
सोमवारी डाबरेने स्टीलचे डबे वाटले.
डबा माझ्याकडेही आहे.
झाकण बसत नाही.

निकालाच्या रात्री एक खुर्ची मोडली, एक दात पडला.
सकाळी ऑफिसच्या दाराला दोन कुलुपं.
एका लेटरहेडवर दोन सेक्रेटरी,
मेलेल्याने मत दिलं, रजेवरच्याने दिलं,
बाईच फितूर आहे,
हे शेवटचं जिन्यात, मला ऐकू जाईल इतपत हळू.

बॉयलर त्याच आठवड्यात बसला.
नव्या करारावर युनियनतर्फे सही कुणाची, ठरेना.
तेव्हापासून चादरी टेम्पोने भिवंडीला जातात
आणि दुसऱ्याच साबणाच्या वासाच्या होऊन येतात.
आमची माणसं बाकड्यावर बसून
तारखेची चर्चा करतात.

पाचला पाच कमी होते.
रांगेत शेवटचा केरबा मदने.
हायड्रोवर अकरा वर्षं.
ठेकेदार तीन बदलले, केरबा तोच.
वर्गणी दर महिन्याला द्यायचा,
पावतीवर आम्ही लिहायचो : देणगी.
यादीत त्याचं नाव नाही हे त्याला माहीत,
मलाही.
तो काही मागत नव्हता,
पँटला हात पुसत नुसता उभा होता,
सगळे उभे होते तसा.

मी पुस्तकातून चिठ्ठी फाडली.
मागे शिक्का मारला. दिली.
सही कुठे करू, असं त्याने विचारलं नाही.
का दिली, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.
पोलिंग एजंट दोघेही
चहावाल्याशी सुट्ट्यासाठी भांडत होते.

ऑपरेशनच्या चादरीची एक घडी असते,
टोक बाहेर ठेवायचं,
डॉक्टरच्या धुतल्या हाताने एका चिमटीत
अख्खी चादर उलगडली पाहिजे.
ती घडी लाँड्रीत तिघांना यायची.
पारूबाई वारली.
मला येते.
आणि ज्याला मी शिकवली त्याला.

मोजताना ती हाती आली. टोक बाहेर.
एका चिमटीत उलगडली.
कंदील की किल्ली,
ते मी पाहिलं, आणि बरोबर त्या ढिगात ठेवलं,
त्याहून जास्त इथेही लिहिणार नाही.

बांद्र्याच्या कोर्टात वकील म्हणाला,
ज्या चिठ्ठीवर वाद आहे ती ओळखता येईल का?
कारकुनाने लाखेचं सील फोडलं,
पेटी टेबलावर उपडी केली.
मोहिते वाकला. डाबरे वाकला.
जजसाहेबांनी चष्मा पुसला.

त्या रात्री ते बाहेर एकमेकांची कॉलर धरून होते
आणि आत मी एकटीच होते, पेटी सील करायला.
साडेअकरा वाजले सगळं संपवायला,
मनगट भरून आलं होतं.

नाही साहेब, मी म्हटलं,
मला तर सगळ्या सारख्याच दिसतात.

टेबलभर एकशे त्र्याऐंशी चिठ्ठ्या,
प्रत्येकीचं टोक बाहेर.