डोकं सगळ्यात शेवटी

टेग्वेननं मला शिकवलं ते शाळेच्या पोहायच्या तलावात,
शनिवारी, क्लोरीनच्या वासात.
उलटलास की घाई करू नको.
वल्हं पाण्यावर आण, कंबर मोड,
गुडघ्यानं कयाक अंगावर ओढ,
आणि डोकं सगळ्यात शेवटी.
डोक्याला वाटतं आपणच आधी सुटावं.
डोकं मूर्ख असतं, म्हणायची,
आणि तीस वर्षं पोरांच्या जेवणाचे बटाटे सोललेल्या हातानं
माझी मान पाण्याखाली दाबून धरायची.

आज वारा नैर्ऋत्येचा. सात, झटक्यात आठ.
रेडिओवरची बाई आधी वेल्शमध्ये सांगते, मग इंग्रजीत,
वारा दोन्हीकडे तेवढाच.
उधाणाची ओहोटी सामुद्रधुनीतून सुटली आहे
ती थेट वाऱ्याच्या अंगावर,
आणि दोघं जिथे भिडतात त्या टोकाला इथले लोक
ट्रुइन म्हणतात. म्हणजे नाक.
आज ते नाक फेंदारलेलं.

कड्यावर मेंढ्या वाऱ्याकडे पाठ करून बसल्यात.
गाडीतळावर व्हॅनमध्ये दोन सर्फर पोरं,
काचा वर, चिप्सचा पुडा मधे,
फळ्या टपावर बांधलेल्याच.
दवाखान्यात बाकावरचे लोक
स्ट्रेचरकडे बघतात तसं
ती आमच्याकडे बघतात.

टेग्वेन चेनला मेण लावते. थुंकते. टोपी घालते.
"वीस मिनिटं," म्हणते. "मग चहा."

पहिली लाट नुसती भिंत होती.
दुसरी भिंत नव्हती, उतार होता,
कयाकची शेपटी उचलली गेली
आणि मी एकदम हलका,
वल्ह्याची गरजच नाही असा,
हिरव्या काचेवरून घसरत,
कानात फक्त टोकाखालची शीळ.
ओरडलो असेन. काय, ते ठाऊक नाही.
एवढं आठवतं की
घरभाडं, बाबांचा गुडघा, बोटीवरची रात्रपाळी,
यातलं काहीच त्या उतारावर नव्हतं.

मागे वळून बघितलं तर
तिची कयाक पिवळं पोट वर करून पडलेली.

मी थांबलो. येईल की. येतेच ती.
वल्ह्याचं पातं वर आलं, फिरलं,
कयाक अर्धी उठली,
आणि मला दिसली तिची हनुवटी,
आधी, सगळ्यात आधी,
उघडं तोंड, हवा शोधणारं,
आणि कयाक पुन्हा पालथी.
दुसऱ्यांदा हनुवटीच.
तिसऱ्यांदा पातं वर आलंच नाही.
मग एक लाल टोपी, एकटी,
फेसात, कयाकपासून चार हात लांब.

माझ्या कयाकचं टोक तिनं दोन्ही हातांनी, पायांनी कवटाळलं,
पोर आईच्या पोटाला बिलगतं तसं,
आणि मी वल्हवत राहिलो, आडवा,
नाकाच्या आडोशाला, जिथे पाणी काळं होतं
आणि एक सील डोकं बाहेर काढून
आमचा सगळा तमाशा बघत होता.
तिची पिवळी कयाक आमच्या आधी किनाऱ्याला लागली.
व्हॅनमधली पोरं खाली उतरली होती,
ती ओढून घेत होती,
एकाच्या पायात अजून घरातल्या सपाता.

चेन तिच्यानं उघडेना. बोटं मेणबत्तीसारखी.
मी उघडली. ती समोर बघत होती,
माझ्याकडे नाही, समुद्राकडेही नाही,
खडीवर पडलेल्या एका दोरीच्या तुकड्याकडे.
मग, वर्गात उभं केलेल्या मुलीसारखं,
"डोकं आधी आलं," म्हणाली.

मी काहीतरी म्हणायला हवं होतं.
थर्मासचं झाकण सापडत नव्हतं, ते शोधत बसलो.

चहा तसाच बाटलीतून प्यायलो, आळीपाळीनं.
तिच्या दातांचा आवाज स्टीलवर,
माझ्याही.
पाऊस आडवा. मेंढ्या तशाच.
बऱ्याच वेळानं तिनं ओले केस पिळले,
पिळलेलं पाणी हातात घेऊन बघितलं, सांडलं,
आणि विचारलं,
शनिवारी तलाव किती वाजता उघडतो.