भरीव

टिंबर मार्केटात एकतीस वर्षं
मी फक्त घनफूट मोजले.
सागवान, शिसव, बाभूळ, मलेशियन साल.
वासावरून सांगायचो कुठलं, किती मुरलेलं.
वेलजीभाई म्हणायचे, लोणकर, तुझ्या नाकाला पगार देतो मी.
सुरांशी संबंध एवढाच,
की करवतीचा पट्टा बोथटला की तिचा आवाज उतरायचा
आणि मी पलीकडच्या शेडमधून ओरडायचो,
पाजळा रे!

निवृत्तीच्या तिसऱ्या महिन्यात लष्करात गेलो,
युकुलेले घ्यायला.
हा शब्द जिभेवर बसायलाच आठवडा गेला.
बायको अजून 'तुमचं ते उकळलेलं' म्हणते.

गिटार का नाही काका, दुकानातल्या जुनेदने विचारलं.
मी डावा हात काउंटरवर ठेवला.
करंगळीचं पेर पंच्याण्णव साली पट्ट्याने नेलं.
अंगठा सोडून साडेतीन बोटं उरलीत,
त्यात मावतील तेवढ्याच तारा दे.
तो हसला नाही.
चार, म्हणाला.

पहिलं काढलं ते लखलखीत,
सॉलिड वूड, काका, सहा हजार.
मी चष्मा चढवला, भोकाची कड बघितली.
वरची रेघ कडेवरून आत उतरायला हवी,
लाकडाला कडेवर खोटं बोलता येत नाही.
इथे तीन थर, खारीसारखे.
हे प्लाय आहे रे बाळा.
तो आत जाऊन मालकांना घेऊन आला.

मालक म्हणाले, मग हे घ्या,
छातीवरची फळी अस्सल, पाठ-बरगड्या प्लायच्या,
साडेनऊ.
आणि अगदीच हट्ट असेल तर
वरच्या फळीवर एक आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं,
सगळं महोगनी, चौदा हजार,
घोडीपाशी गाठ आहे बारीक, म्हणून पडून राहिलंय.
पण शिकाऊ माणसाला प्लायच बरं.
आपला एप्रिल कोरडा, अस्सल लाकूड तडकतं.

मला सांगता?
गोदामात मेच्या रात्री
फळ्या फुटताना ऐकल्यात मी,
फटाक्यासारख्या,
आणि वॉचमन काठी घेऊन धावायचा चोर आला म्हणून.

वाजवून बघा, म्हणाले.
वाजवता येत असतं तर.
मी जुनेदला म्हटलं, तिन्ही तू वाजव,
मी पाठ करून उभा राहतो.
समोर रस्त्यावर एक टेम्पो मागे येत होता,
तो येऊन थांबेपर्यंत थांबलो.
मग ऐकलं.
मला दुसरं आवडलं.
पुन्हा वाजवायला लावलं, क्रम बदलून.
पुन्हा साडेनऊवालंच.

एकतीस वर्षं लाकडात काढलेल्या माणसाने
हे मोठ्याने कसं म्हणायचं?
मी तिसरं उचललं,
सांध्याने हलकेच ठोकलं, उत्तर जरा उशिरा आलं.
भोकापाशी नाक नेलं.
आत बंद गोदाम होतं, दुपारचं,
भुसा, गोंद, कुणीतरी ठेवलेला चहा.
कानाला अजून काही कळत नाही.
तो शिकेपर्यंत नाकावर चालवू, म्हटलं,
आणि चौदा हजार मोजले.
घरी नऊ सांगितले.

आता बिबवेवाडीत, सकाळी, दूध तापेपर्यंत.
नव्या तारा रात्रीतून उतरतात,
रोज पिळायच्या, रोज उतरणार.
सगळ्यात वरची तार जाडी असेल असं वाटलं होतं,
ती उलट चढीच निघाली. कुणाचा हा हिशेब, देव जाणे.
सी म्हणजे एका बोटाचं काम:
खालची तार, तिसरा पडदा, अनामिका.
तेवढा येतो.
त्याच्या पुढच्याला करंगळी लागते
आणि तिथे माझं खोड आखूड पडतं.
आतून बायको ओरडते, पाजळा रे!

साबणाच्या डबीला सुईने भोकं पाडलीत,
आत ओला स्पंज.
ती डबी पेटीत, वाद्याच्या मानेखाली.
एप्रिल लागलाय.
रात्री एकदा उठून बघतो,
स्पंज सुकलाय का.