सात मिनिटं

लॉजची लिफ्ट सोमवारपासून बंद.
तरी रात्री साडेअकराला दोघं चार मजले उतरून येतात,
माझ्या काउंटरसमोरच्या फाटक्या सोफ्यावर बसतात
आणि विमानतळांवरून भांडतात.

साकाला झांबियाचे, शाळेत भूगोल शिकवतात.
काचिंग्वे मलावीचे, तंबाखूच्या लिलावात वजनकाट्यावर.
एकाच्या बायकोची किडनी, दुसऱ्याच्या मुलाचं हृदय;
इस्पितळ एक, मजला एक,
डब्यातलं वरणसुद्धा एकाच बाईच्या हातचं.

साकाला म्हणतात, लुसाकाला आमचं नवं टर्मिनल,
काच एवढी की पाखरं येऊन आपटतात.
काचिंग्वे म्हणतात, काच कर्जाची,
पाखरं तेवढी तुमची.
— सरकते जिने आहेत आमच्याकडे.
— आमच्याकडे पाय आहेत.
आमचं लिलाँग्वे लहान, पण बॅग सात मिनिटांत हातात.
— येणारच. विमान एकच उतरतं दिवसाला.

मी रजिस्टरात तोंड घालून हसतो.
मग दोघं माझ्याकडे वळतात:
मिस्टर घरत, तुमचं मुंबईचं कसं आहे?
छान आहे, म्हणतो मी. छताला मोरपिसं आहेत.
‘असं ऐकलंय’ हे मराठीत म्हणतो.
मी रिक्षातून गेटापर्यंतच गेलोय,
पाहुण्यांच्या बॅगा उतरवायला.

आणि सांगायचं तर माझाही एक विमानतळ आहे.
खाडीपल्याड, उलव्याच्या अंगाला,
सुरुंग लावून जी टेकडी सपाट केली
तिच्या पायथ्याला आमचं घर होतं,
चुलीमागे सुकटाची टोपली.
परवा हळदीत चुलतभाऊ हसुराम दोन पेग लावून उठला,
मरोळच्या सोयऱ्यांच्या अंगावर गेला:
"आमचा इमानतल तुमचे सहारचे बापाचा बाप हाय!"
सोयऱ्यांनी खुर्च्या उचलल्या.
त्यांचीही भातखाचरं कधीकाळी धावपट्टीखाली गेलेली,
तेही सहारला ‘आमचं’च म्हणत होते.
हसुरामची न्हाणी नेमकी कुठे होती,
टॅक्सीवेखाली की पार्किंगखाली,
यावर परतीच्या टेम्पोत आम्ही आपसातच भांडलो.

बुधवारी पहाटे तीनला फोन वाजला. इस्पितळाचा.
एस्नाट साकाला.

दोघं खाली आले तेव्हा इंग्रजी वर खोलीतच राहिली होती.
बोलत होते ती भाषा एकच,
सरहद्दीच्या दोन्ही अंगांना तीच, मला तेव्हा कळलं.
साकालांचं चिपाटा, काचिंग्वेंचं म्चिंजी,
मध्ये सायकलनं सकाळभराचं अंतर
आणि एक आडवा दांडा.

उजाडल्यावर मी पेटीच्या कागदांसाठी एजंट गाठून दिला.
त्यानं विचारलं, कुठे उतरवायचं? लुसाका ना?
लुसाकाहून चिपाटा साडेपाचशे किलोमीटर.
लिलाँग्वेहून दीडशेच्या आत.
भूगोल शिकवणाऱ्याला हे कुणी सांगायचं?
लिलाँग्वे, म्हणाले साकाला,
आणि त्या खिडकीकडे बघत राहिले
जिच्यातून दर चार मिनिटांनी एका विमानाचं पोट दिसतं.

काचिंग्वे काही बोलले नाहीत. पेन पुढे केलं.
तिचं नाव लिहिता लिहिता,
मलाही कळावं म्हणून की काय, साकालांनी इंग्रजीत विचारलं:
खरंच सात मिनिटं?

काचिंग्वेंनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
कधी कधी चाळीस, म्हणाले.
पट्टा जुना आहे.
मी थोरल्या भावाला फोन करतो,
तो आधीच येऊन उभा राहील.