मिळाल्याची वेळ

स्पिलर्स टिकलला उतरलो तेव्हा धुकं होतं.
टिकल म्हणजे इथे अरुंद खाडी, गुदगुल्या नव्हेत,
हे ड्रुसिला पाइक तिकिटाआधीच सांगून टाकते.
दोन डॉलर. बूट पुसून या.

टपालकचेरी बंद होऊन तीस वर्षं झाली.
आधी कॉड मासे संपले, मग माणसं, मग पत्रं,
ती म्हणते, आणि पितळी तराजूवर करंगळी टेकवते.
काटा अजून हलतो.
"अर्धा औंस. पूर्वी माझं बोट जड होतं."

भिंतीभर लाकडी खण, काहींवर अजून नावं:
पाइक, पाइक, नोसवर्दी, पाइक.
काउंटरच्या फळीला एक खळगा पडलाय.
इथे कोपर टेकून गाव वाट बघायचं,
उन्हाळ्यात बोटीची,
हिवाळ्यात कुत्र्यांच्या गाडीची, तीही बर्फाच्या मर्जीने.
मी कोपर ठेवून पाहिलं.
खळगा माझ्या मापाचा नाही.

शेवटच्या कपाटात एक तार आहे.
चहाच्या रंगाचा कागद, घड्यांवर विरलेला.
*गलबत बुडालं. इलायजा नोसवर्दीसह सातही जण गेले.*
नोव्हेंबर, छप्पन्न साल.
ड्रुसिला काच पुसायला लागते.
काच स्वच्छच आहे.
फडकं एका कोपऱ्यावर येऊन थांबतं, तिथून हलत नाही.

मी काही विचारलं नव्हतं.
"एकोणीस वर्षांची होते मी," ती काचेला म्हणाली.
"पोस्टमास्तर तापाने पडलेले.
यंत्र कडकट्ट करत राहिलं, मी अक्षर अक्षर उतरवत राहिले,
आणि खालच्या हॉलमध्ये त्याच्याच बहिणीचं लग्न.
अकॉर्डियन इथवर ऐकू येत होतं.
थिर्झा नाचत होती. थिर्झा म्हणजे त्याची आई.
तिला नाचताना गावाने त्याआधी पाहिलं नव्हतं.
कागद एप्रनच्या खिशात घातला
आणि गेले.
आणि मीही नाचले.
गिरकी घेतली की खिसा वाजायचा."

सकाळी वाचून दाखवली. थिर्झाला अक्षर येत नव्हतं.
सगळी वाचली, एवढा कोपरा सोडून:
*मिळाल्याची वेळ, संध्याकाळी सहा दहा.*
थिर्झा 'बरं' म्हणाली.
कागदाची घडी घातली, मग घडीची घडी,
मग तिचीही.

पुढे दर गुरुवारी ती एक तिकीट घ्यायची.
पत्र लिहिणार कुणाला, आणि कशाने?
तरी एक तिकीट.
मग नातू शाळेत जायला लागला,
घरात दिसेल ते वाचत सुटला,
पिठाचं पोतं, खोकल्याची बाटली,
आजीच्या पेटीतले कागद.

"त्या गुरुवारी तिने तिकीट जिभेवर ओलं केलं
आणि इथे, या फळीलाच चिकटवलं.
'किती वाजेपर्यंत नाचलो गं आपण?'
मी म्हटलं, दोन.
'दोन,' ती म्हणाली. 'अकॉर्डियन छान होतं.'
आणि गेली."

"म्हणजे माफ केलं?"
"ते मला नाही माहीत.
पुढच्या गुरुवारी आली नेहमीसारखी.
ती गेल्यावर मुलीने तार इथे आणून दिली,
जिचं लग्न होतं, तिने.
घड्या उलगडून, इस्त्री करून."

फळीवर तिकिटाची जागा दिसते,
चौकोनी, जराशी फिकट. मी ती बोटाने चाचपली नाही.

एक कार्ड घेतलं. जुना शिक्का मारून मिळतो,
पन्नास सेंट जास्त.
ड्रुसिलाने चाकं फिरवली, दिवस, महिना.
वर्षाचं चाक त्र्याण्णवला अडतं.
त्यापुढचे आकडे शिक्क्यात नाहीत.
तिने तसाच मारला,
मग पेन काढलं,
भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, पुन्हा मनगटावरचं,
आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं,
चार वाजून अठरा.