निरंक

तहसिलीच्या रेकॉर्डरूममध्ये नमुना भरायचा होता.
रकाना नऊ : तालुक्यातील ऐतिहासिक घटना.
आधीच्या बाबूनं लिहिलेलं, निरंक.
त्याच्या आधीच्यानं, निरंक.
त्याच्याही आधी कुण्या इंग्रज साहेबानं
दीड ओळीत आटोपलेला आमचा मुलूख :
जमीन काळी, लोक शांत,
आणि पुढे मिरचीचा भाव.

झिबल कोतवालाला विचारलं.
तो खर्रा घोटत म्हणाला,
"इतिहास कायले पायजे जी? शिवार विचारा."
आणि टेबलावरच्या धुळीत बोट फिरवू लागला.

इथं दगडांची वर्तुळं.
खाली कोणी निजलेलं, घोड्यासकट, लगामासकट.
तितरमाऱ्यांनी धुऱ्यासाठी दगड नेले,
त्या साली म्हशी गाभणच राहिल्या नाहीत.
बायकोनं परत ठेवायला लावले.
मोजले तर एक कमी.

इथं कोष्ट्यांची आळी, चौदा माग.
शेवटच्या मागाच्या लाकडात आता
गोविंदा परात्याच्या कोंबड्या बसतात.

इथून छोटी गाडी. इतवारीहून यायची,
चढावर दमायची.
सातऱ्यावर दिवसभर देठं खुडून आलेल्या बाया
तिथंच चढायच्या, बिनतिकिटाच्या,
आणि जळते तळवे
दाराच्या गार दांड्याला लावून
उभ्या राहायच्या, गाव येईपर्यंत.

मग बोट थांबलं.
टेबलाच्या कडेला धूळच नव्हती.
"इथं मी राहत होतो," झिबल म्हणाला.
"धरनाची दवंडी मीच देल्ली.
बावीस वर्सं येनार येनार म्हनलं पानी,
तं लोकाईले वाटलं, येतच नाई.
आखरी दवंडीले तीन कुत्रे होते
अना सुमन हटवार, कवेलू मोजत.
तिनं इचारलं, किती वाजता?"

शिपायानं फडकं मारलं. साहेब येणार होते.
वर्तुळं, आळी, गाडी,
सगळं खिडकीबाहेर झटकलं गेलं.

मी पेन उघडला. रकाना तीन बोटं रुंद.
"कुठं लिवता?" म्हणून झिबल वाकला,
त्यानं बोट टेकवलं.

नमुना नागपूरला गेला.
महिन्यानं परत आला, लाल शेऱ्यासह :
रकाना नऊमध्ये चुन्याचा डाग आढळतो.
खुलासा सादर करावा.